बाबांची पाठ आणि हिरवी गाडी

बाबा सकाळी बाजेवरून कसे उठतात, यावर आमच्या घरातला दिवस ठरायचा. कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन, हूं की चूं न करता उठले तर आई चहात आलं ठेचून टाकायची आणि रात्रीच्या भाताला फोडणी देता देता शेजारच्या घरातलं सगळं सांगायची. कण्हत उठले तर ती काही बोलायची नाही. भांडीसुद्धा हळू ठेवायची. बाहेर कागदाच्या मिलचा भोंगा व्हायचा, रेल्वेच्या यार्डात डबे एकमेकांवर आदळायचे आणि तो आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जायचा. हवेत लगद्याचा वास असायचा. बल्लारपुरात वाढलेल्या माणसाला तो वास येत नाही. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला की तेवढ्यापुरती आम्हाला त्याची आठवण व्हायची.

बाबांनी उभी हयात बांबूचा ट्रक चालवला होता. अहेरी, एटापल्लीकडच्या जंगलात बांबू भरायचा आणि मिलच्या फाटकात आणून उतरवायचा. त्या रस्त्यांनी त्यांच्या पाठीचे दोन मणके झिजवले. डॉक्टरांनी ट्रक बंद करायला सांगितलं तेव्हा बाबांनी ट्रक विकला आणि घरात कुणाला न विचारता बदली झालेल्या एका साहेबाची हिरवी गाडी घेतली. बाटलीसारखा हिरवा रंग, आणि इंजिन असं की त्या काळात आमच्या गावात तसं दुसरं नव्हतं. आईला वाटलं होतं की ट्रकच्या पैशांत घरामागे दोन खोल्या निघतील. तिने दोन दिवस गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिनेच गाडीला हळदकुंकू लावलं. बाबांना ती फार चालवता येत नसे. संध्याकाळी ते खुर्ची अंगणात घेऊन बसायचे, आम्हाला बॉनेट उघडून गाडी सुरू करायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. "कसं बोलून राह्यलं पाय," असं म्हणायचे. एखादा गवयाचं गाणं ऐकतो तसं ते इंजिन ऐकत.

माझा थोरला भाऊ प्रफुलदादा याचं स्टेशनजवळ दुचाकींचं गॅरेज होतं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून नोकरीची वाट पाहत होते आणि दिवसभर त्याच्या गॅरेजात असायचे. राजुऱ्याकडच्या एका माळावर नागपूरचा एक क्लब मातीवरची शर्यत ठेवणार आहे, हे दादाने ऐकलं आणि त्याला झोप येईना. मातीत खुंट्या आणि दोऱ्या लावून वळणावळणाची वाट आखायची, आणि एकेका गाडीने एकटीने पळून वेळ नोंदवायची, अशी ती शर्यत. गाडी कोण चालवणार हे ठरवायला आम्ही दोघांनी त्या माळावर जाऊन ती चालवून पाहिली. दादा गिअर असे टाकायचा की जणू विहिरीतून दगड काढतोय. मी त्याच्यापेक्षा जलद निघाले. तो थोडा वेळ गाडीच्या सावलीत उकिडवा बसला, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला, आणि म्हणाला, "बरं, तू चालव. पण खालचं सामान मी ठरवीन."

खालचं सामान म्हणजे स्प्रिंगा आणि शॉकअप. शॉकअप म्हणजे तेलाचा दांडा. स्प्रिंग दबते आणि उसळते, तिची ती उसळी शॉकअप आवरून धरतो. यापलीकडे मला तेव्हा काही माहीत नव्हतं आणि त्याचीच मला चुटपुट लागली होती. डिप्लोम्याच्या पुस्तकात स्प्रिंगवर चार पानं होती, पण खड्ड्यातून जाताना चाक नेमकं काय करतं, हे त्यात कुठेच नव्हतं. आज माझा नातू फोनवर अर्ध्या मिनिटात चाकाखालून घेतलेली चित्रफीत काढून दाखवतो. मला ते चाक बघायला मिळावं म्हणून काय काय करावं लागलं, हे त्याला सांगितलं की तो हसतो.

बाबांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. एटापल्लीच्या पलीकडे एका पाड्यावर त्यांचा जुना मित्र राहायचा, लालसू. वीस-बावीस वर्षं तो बाबांच्या ट्रकवर बांबू भरायला होता. तो माडिया आदिवासी, बाबा कुणबी, पण एकाच्या डब्यात दुसऱ्याचा हात. लालसूच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात, मोहफुलं वेचून झाली की व्हायचं होतं. पाठ गेल्यापासून बाबा जंगलात गेले नव्हते आणि एसटीत बसणं त्यांना शक्य नव्हतं.

"गाडीचं तुमी काईबी करा," बाबा म्हणाले. "पण मले लग्नाले याच गाडीत जाचं हाये. बसता आलं पायजे मले."

"बाबा, एकदम फस्क्लास करून देतो," दादा म्हणाला.

आम्ही एसटीडी बूथवरून पुण्याच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो शर्यतीचं सामान विकायचा. सभ्य माणूस होता. त्याने पहिल्यांदा विचारलं, "ताई, गाडी ट्रॅकवर चालवणार की रस्त्यावर?"

"दोन्हीकडे."

"दोन्ही होत नाही. एक काहीतरी ठरवा."

दादाने माझ्या हातातून फोन घेतला आणि सगळ्यात कडक स्प्रिंगा सांगून टाकल्या. दादाच्या भिंतीवर परदेशी गाड्यांची चित्रं होती. सगळ्या जमिनीला पोट टेकल्यासारख्या. कडक आणि बुटकी म्हणजे वेगवान, हे त्याला त्या चित्रांनी शिकवलं होतं. "दोन्ही होत नाही" हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. का होत नाही? तो माणूस एवढ्या खात्रीने कसा म्हणाला? घरी येताना मी दादाला तीनदा विचारलं. तो म्हणाला, "कंपनीवाल्याले तुझ्याहून जास्त समजते नं वं."

सामान आलं. लाल स्प्रिंगा, आणि शॉकअपच्या वरच्या टोकाला एक खुंटी. ती फिरवली की खटका वाजायचा आणि स्प्रिंगची परतीची उसळी कमीजास्त व्हायची. आम्ही ते दोन दिवसांत बसवलं. गाडी खाली बसली, रुबाबदार दिसायला लागली, आणि नव्या डांबरी रस्त्यावर तर तिने आम्हाला वेड लावलं. वळणावर ती जराही कलत नव्हती. दादा खिडकीतून हात काढून ओरडत होता. गॅरेजात येणारी मंडळी गाडीभोवती फिरून वाकून पाहायची.

रविवारी बाबांना घेऊन आम्ही कोठारीच्या रस्त्याला लागलो. आईने दशम्या आणि जवसाची चटणी बांधून दिली होती, जणू आम्ही लग्नालाच निघालो होतो. गाव संपेपर्यंत बाबा खुशीत होते. मग तुटका रस्ता सुरू झाला. पहिल्या खड्ड्याला त्यांनी दरवाजाची मूठ धरली. पुढच्या पट्ट्यात त्यांनी दोन्ही हात सीटवर रोवून स्वतःला वर उचलून धरलं. मी वेग अगदी बैलगाडीसारखा केला, तरी प्रत्येक दगड थेट त्यांच्या कमरेत जात होता. मला आरशात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते फक्त हात, आणि त्यांवरच्या शिरा.

"थांबव," ते म्हणाले.

सागाच्या झाडाखाली ते आडवे झाले. मुंग्या अंगावर चढत होत्या, पण त्यांना हलता येत नव्हतं. शेवटी दादाने एक धानाचा ट्रक थांबवला. ड्रायव्हर बाबांच्या ओळखीचा निघाला. त्याने पोत्यांवर सतरंजी अंथरली आणि चौघांनी मिळून बाबांना वर घेतलं. वरून ते एवढंच म्हणाले, "इथी बरं हाये." मी हिरवी गाडी घेऊन ट्रकच्या मागे घरापर्यंत आले.

बाबा रागावले नाहीत. पण संध्याकाळी खुर्ची अंगणात घेऊन बसणं त्यांनी सोडलं. लालसूला निरोप पाठवायचा की येणं होत नाही, असं ते आईजवळ बोलले, आणि आईने ते मला भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता सांगितलं.

त्याच आठवड्यात आम्ही माळावर सरावाला गेलो. मला वाटलं होतं, घरात झालं ते झालं, निदान इथे तरी ही गाडी पळेल. ती पळेना. वळणावर मी स्टिअरिंग फिरवायचे आणि गाडी सरळ जायची. मध्येच पकडायची, मध्येच सोडायची, तापलेल्या तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखी. दादाकडच्या घड्याळात जुन्या स्प्रिंगांवरची वेळ यापेक्षा चांगली होती. त्याने घड्याळ झटकून पाहिलं.

"तू भेऊन राह्यली," तो म्हणाला.

"मंग तू चालव. मले खाली पाहाचं हाये."

मी वळणाच्या आतल्या बाजूला जमिनीवर पालथी झोपले, गाल मातीला लावून. दादा आला. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा तोंडात धूळ गेली, पण मला दिसायचं ते दिसलं: पुढच्या चाकाखालून क्षणभर पलीकडचा उजेड आला. चाक हवेत होतं. मी उठून वाटेवर धावले. मातीत टायरची नक्षी उमटली होती, आणि ती तुटक होती. हातभर नक्षी, मग नुसती माती, पुन्हा हातभर नक्षी. जिथे नक्षी नव्हती, तिथे गाडी जमिनीवर नव्हतीच. जी जमिनीवर नाही, ती वळेल कशी?

तुम्हाला हे साधं वाटेल. मला त्या दिवशी जे वाटलं ते मी नंतर नोकरीत, मोठमोठ्या यंत्रांपुढे उभी असतानाही क्वचित अनुभवलं. मी त्या तुटक्या नक्षीजवळ उकिडवी बसून राहिले. स्प्रिंग एवढी कडक, की खड्डा आला तर ती दबत नाही. सगळी गाडीच वर उडते. कोठारीच्या रस्त्यावर तेच झालं होतं. चाकाने जे गिळायला हवं होतं ते बाबांच्या पाठीने गिळलं. म्हणजे माळावरचं आणि रस्त्यावरचं दुखणं एकच होतं. पुण्याचा माणूस खोटं बोलत नव्हता, पण त्याचा ट्रॅक गुळगुळीत होता. आमच्याकडे ट्रॅकही खड्ड्यांचा आणि रस्ताही खड्ड्यांचा.

दादाला पटायला वेळ लागला. मी त्याला नक्षी दाखवली, तो पायाने ती पुसत म्हणाला, "नरम केली तं गाडी झोके खाईन. लोकं हासतीन."

"हासू दे. मले चाक खाली पायजे."

मी पुन्हा पुण्याला फोन लावला आणि मऊ, लांब स्प्रिंगा मागितल्या. मूळच्या स्प्रिंगांपेक्षा किंचितच कडक. दुकानदार म्हणाला, "ताई, मी म्हटलं होतं ना, दोन्ही होत नाही?"

"आमच्याकडे दोन्ही एकच आहे," मी म्हटलं. तो माझ्या माळाबद्दल विचारू लागला. दगड केवढे, माती मऊ की कडक, टायरमध्ये हवा किती ठेवते. फोनचं मीटर पळत होतं आणि आम्ही दोघं बोलत होतो. कडक स्प्रिंगा त्याने बदलून दिल्या.

स्प्रिंगा बसल्या. आता राहिली ती खुंटी. ती किती फिरवायची हे कळायला मला गाडी चालवता चालवता आतलं सगळं जाणवायला हवं होतं आणि माझ्या वीसेक वर्षांच्या कमरेला काही जाणवायचंच नाही. मी बाबांच्या बाजेजवळ गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाबा, मले तुमची पाठ पायजे."

ते वळले. "काय पायजे?"

"पाठ. मले खड्डा समजत नाई. तुमाले समजते. शेजारी बसा आन् मले सांगा, नुसतं."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात झारा होता. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किती दिवसांनी हसले. "घेऊन जा माय," म्हणाले. "तशीबी ते माह्या काई कामाची नाई."

पहिल्या दिवशी ते गाव संपेपर्यंतच आले. दुसऱ्या दिवशी तुटक्या रस्त्यापर्यंत. ते डोळे मिटून बसायचे, इंजिन ऐकायला बसायचे तसेच, आणि बोलायचे. खुंटी पुरती सैल ठेवली तेव्हा म्हणाले, "खड्डा गेला, पण गाडी अजून डुलून राह्यली. डोंग्यात बसल्यावानी वाटते." पुरती आवळली तेव्हा पहिले दोन खड्डे त्यांना मऊ लागले आणि तिसऱ्याला ते कळवळले. मला हे कोडं पडलं. खड्डे सारखेच, मग तिसराच का लागावा? मी तोच पट्टा पुन्हा पुन्हा घेतला. बाबा दर वेळी तिसऱ्यालाच "आई गं" म्हणत. घरी आईने लाखोळीच्या डाळीचे वडे तळले होते, ते खाता खाता मला एकदम सुचलं आणि मी घास हातात धरून बसले. खुंटी आवळली की स्प्रिंग परत वर यायला वेळ लावते. पहिल्या खड्ड्याला दबली, अर्धीच वर आली. दुसऱ्याला आणखी दबली. तिसऱ्याला तिच्यात दबायला काही उरलंच नाही.

"बाबा, गाडीले श्वास घ्यायले वेळ मिळून नाई राह्यला!"

"मंग घेऊ दे नं तिले," बाबा म्हणाले आणि आणखी एक वडा उचलला.

दोन टोकांच्या मधे कुठेतरी ती जागा होती. आम्ही ती खटक्याखटक्याने शोधली. आधी पुढची चाकं, मग मागची. आईही एकदा मागच्या सीटवर येऊन बसली. परत आल्यावर तिने तिचं मत सांगितलं, की मागून अजून धक्का येतो, आणि ते खरं निघालं. दादा गाडीखाली झोपून खुंट्या फिरवायचा आणि ओरडून विचारायचा, "आता?" बाबांना आता बोलवावंही लागत नव्हतं; एके संध्याकाळी ते स्वतःच शर्ट घालून दारात उभे होते.

शर्यतीच्या दिवशी लोक हसले, दादा म्हणाला होता तसे. वळणावर आमची गाडी इतकी कलायची की बघणाऱ्यांना ती उलटेल असं वाटायचं. पण चारही चाकं मातीत होती, आणि मी स्टिअरिंग फिरवलं की ती वळत होती. आमच्या गटात मी दुसरी आले. पहिला आला त्या नागपूरच्या मुलाने येऊन वाकून आमच्या चाकामागे पाहिलं आणि दादाला विचारलं, एवढी मऊ का ठेवली? दादाने त्याला नक्षीचं सगळं समजावून सांगितलं, अगदी जमिनीवर झोपून, जणू ते त्यालाच सुचलं होतं. मी पाणी पीत ऐकत होते. मला मजा वाटली.

आणि मोह संपता संपता आम्ही लालसूकाकांकडे गेलो. कोठारी, गोंडपिंपरी, आष्टी, आलापल्ली. आता त्या वाटेवर सूरजागडचं खनिज वाहणाऱ्या ट्रकांची रांग असते. तेव्हा दुपारी तास तास कुणी भेटायचं नाही. बाबा मध्ये दोनदा उतरले, चार पावलं चालले, पुन्हा बसले. पाड्यावर पोचलो तेव्हा ते स्वतः दार उघडून, छताला धरून उभे राहिले. लालसूकाका घोंगडी टाकून धावत आले. मिठी मारायला हात पसरले आणि मध्येच थांबले; कुठे धरावं ते त्यांना कळेना. बाबांनीच त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. रात्रभर ढोल वाजत होते आणि बाबा एका बाजेवर आडवे पडून, उशाला लालसूकाकांना बसवून, ट्रकच्या गोष्टी करत होते.

सकाळी निघालो. पाड्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत सागाच्या जंगलातली कच्ची वाट होती. सरळ दिसेल तिथवर माणूस ना ढोर. बाबा खिडकीतून बाहेर पाहत होते. मग म्हणाले, "या रस्त्यानं मी जलमभर भरला ट्रक नेला. पायी चालणारा माणूस पुढं जाये. हा रस्ता पळताना कसा लागते, मले मालूम नाई."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पळव," ते म्हणाले.

मी गिअर खाली घेतला आणि पळवली. चाकं वरखाली होत होती, मला ते स्टिअरिंगमध्ये कळत होतं, आणि आत आम्ही तेवढे हलत नव्हतो. बाबांनी डोळे मिटले नाहीत. ते पुढे पाहत होते आणि वळण दिसायच्या आधीच सांगत होते. "डावं येईन, लंबं हाये, सोडू नोको... आता उतार... खाली नाला, रेती हाये, हळू... हाव... आता जाऊ दे!" त्यांचा आवाज चढत गेला. मी काहीच पाहत नव्हते असं म्हटलं तरी चालेल. ते सांगतील तिथे हात फिरवत होते, आणि वळण तिथेच, त्यांनी सांगितलं तसंच येत होतं.

डांबरी रस्ता लागला तेव्हा मी थांबले. धूळ मागून येऊन आमच्यावरून पुढे गेली. मी इंजिन बंद केलं. मी विचारलं, "बाबा, पाठ?"

त्यांनी ऐकलं नाही. ते मान वळवून मागच्या रस्त्याकडे पाहत होते.

"वळव गाडी," ते म्हणाले. "जंगलात जाताना कसा लागते तेबी पाहाचं हाये."